घास उतरत नाही तेव्हा: अन्ननलिकेची दुर्बीण आणि शस्त्रक्रिया, नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गोव्यात माझ्याकडे येणाऱ्या माणसाचं पहिलं वाक्य बऱ्याचदा हेच असतं: ‘दोतोर, पाव सकयल देंवना’, म्हणजे पाव खाली उतरत नाही. भात उतरतो, पेज उतरते, पण पोदेराचा उंडा, म्हणजे पाववाल्याचा गोल पाव, छातीत अडून बसतो. मग आधी पाव सुटतो, काही महिन्यांनी चपाती, त्यानंतर मटण. माणूस निव्वळ पेजेवर आला की मुलगा नाहीतर सून त्याला धरून आणते. खालचे प्रश्न अशाच रुग्णांनी आणि त्यांच्या घरच्यांनी विचारलेले आहेत. भाषा जरा साफ केली आहे, प्रश्न त्यांचेच.

घास अडकतो, एवढं सांगून पुरत नाही का?

नाही पुरत. काय अडकतं ते सांगा. सुरुवातीला फक्त पाव, चपाती, मटणाचा तुकडा अडायचा आणि हळूहळू भात, मग पेजही अडायला लागली, तर नळी आतून अरुंद होत चालली आहे असं आम्ही धरतो: जुन्या जखमेचा वण किंवा गाठ. पहिल्या दिवसापासून पाणी आणि भात दोन्ही अडत असतील, तर नळीचे स्नायू बिघडले असावेत. गिळायला सुरुवात करतानाच ठसका लागतो, पाणी नाकातून येतं, जेवल्यावर आवाज ओला होतो, तर दोष अन्ननलिकेच्या वर आहे, घशात किंवा मेंदूकडून येणाऱ्या हुकमात. तिथे माझ्यापेक्षा कान-नाक-घशाच्या आणि मेंदूविकाराच्या डॉक्टरांचं काम जास्त.

किती दिवसांपासून, रोज की मधूनमधून, आणि कमरेचा पट्टा किती भोकं आत गेला, हेही सांगा. वजनाचा आकडा कुणाला आठवत नाही, पट्ट्याचं भोक आठवतं.

कुठे अडतं म्हणून तुम्ही बोट ठेवलंत तर मी लिहून घेतो, पण त्यावर पूर्ण विसंबत नाही. अडथळा जठराच्या तोंडाशी असतो आणि माणूस बोट ठेवतो गळ्याच्या खाचेत, असं पुष्कळदा होतं. गळ्याची सोनोग्राफी आणि थायरॉइडच्या तपासण्या करून दमलेली माणसं माझ्याकडे येतात ती यामुळेच.

एक गोष्ट मात्र वेगळी ओळखा. घशात सतत गोळा असल्यासारखं वाटतं, पण जेवताना काहीच अडत नाही, उलट जेवताना बरं वाटतं. ही बहुतेक वेळा अन्ननलिकेची अडचण नसते आणि त्याला शस्त्रक्रियाही नसते.

हे पित्तच असणार ना?

पित्त या शब्दाने आपल्याकडे फार घोळ घातला आहे. डोकं दुखलं पित्त, अंगावर गांधी उठल्या पित्त, छातीत जळजळलं पित्त, आणि घास अडला तरी पित्तच. छातीतली जळजळ जठरातलं आम्ल वर आल्याने होते. यकृतातल्या खऱ्या पित्ताचा तिथे बहुधा संबंध नसतो. आणि जळजळणं वेगळं, अडणं वेगळं. जळजळीला दोन-चार आठवडे गोळी घेऊन पाहणं ठीक आहे. अडण्याला मात्र आधी आत बघायचं, गोळी नंतर.

गंमत अशी की ज्यांची नळी खाली बंद असते त्यांनाही जळजळ होते, कारण साचलेलं अन्न आतच आंबतं. त्यांना वर्षानुवर्षं रोज सकाळी पॅन्टोप्राझोल चालू असते आणि फरक काडीचा नसतो.

किती दिवस वाट पाहिली तर चालेल?

‘चवथ (गणेशचतुर्थी) होऊ दे, मग येतो.’ चवथ झाली की दिवाळी, दिवाळी झाली की गावची जत्रा. घास परतपरत अडतोय असं दोन आठवडे झाले तर दुर्बीण करून घ्या. वजन उतरतंय, रक्ताची उलटी झाली, शौचाला डांबरासारखं काळं होतंय, किंवा वय पन्नाशीच्या पुढे आहे आणि त्रास नवा आहे, तर त्याच आठवड्यात. स्वतःची थुंकीही खाली जाईना आणि सारखी वाटीत थुंकायची वेळ आली, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी.

दुर्बीण घालताना जीव गुदमरतो का?

श्वासाची नळी वेगळी आणि अन्नाची वेगळी, त्यामुळे श्वास चालूच राहतो. दुर्बीण करंगळीएवढी जाड असते, साधारण ९ ते १० मिलिमीटर. घशात बधिर करणारा फवारा मारतात, गुंगीचं इंजेक्शन देतात. नुसतं बघायचं असेल तर पाच-दहा मिनिटांत काम होतं. १८६८ मध्ये जर्मनीत कुसमौल या डॉक्टरांनी जठरात पहिल्यांदा अशी नळी घातली, ती सरळ आणि ताठ होती. म्हणून त्यांनी तलवार गिळून दाखवणाऱ्या खेळकऱ्याला गाठलं. आजची दुर्बीण हवी तशी वळते.

आदल्या रात्री हलकं जेवा आणि नंतर सहा ते आठ तास काही खाऊ नका. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, मधुमेहाचं इन्सुलिन असेल, तर आधी सांगा. स्वतःहून बंद करू नका. नळीत अन्न साचत असल्याची शंका असेल, तर आम्ही आधीचे दोन दिवस फक्त पातळ घ्यायला सांगतो. भरलेल्या नळीत दुर्बीण घातली तर ते सगळं फुप्फुसात जाऊ शकतं. यात लपवाछपवी करू नका. ‘एकच नेवरी (करंजी) खाल्ली’ असं नंतर सांगणारे भेटलेले आहेत.

तुकडा काढला तर कॅन्सर पसरतो, खरं का?

नाही. तांदळाच्या दाण्याएवढे तुकडे असतात, आणि त्याशिवाय गाठ कसली आहे हे कळत नाही. या भीतीने तपासणी लांबवलेल्यांचं नुकसान मात्र मी पाहिलं आहे.

दुर्बिणीचा रिपोर्ट नॉर्मल आला, तरी घास अडतोच. मग मला वेड लागलंय का?

हा प्रश्न मला सर्वांत जिव्हाळ्याचा, कारण असा रिपोर्ट हातात घेऊन माणसं तीन-चार दवाखाने फिरून आलेली असतात आणि घरच्यांनी ‘मनाचं आहे’ म्हणून सोडून दिलेलं असतं.

दुर्बिणीला नळीची आतली भिंत दिसते. नळी काम कसं करते ते दिसतंच असं नाही. अन्ननलिका म्हणजे सुमारे २५ सेंटिमीटर लांबीची स्नायूंची नळी. घास तिच्यातून विहिरीत दगड पडावा तसा पडत नाही. ती त्याला वरून खाली पिळत आणते. म्हणून तर शीर्षासनात असलेला माणूसही पाणी गिळू शकतो. खालच्या टोकाला, जठराच्या तोंडाशी, स्नायूची झडप असते. घास आला की सैल होते, गेला की मिटते. हे पिळणं आणि सैल होणं मोजायला मॅनोमेट्री ही वेगळी तपासणी आहे. नाकातून बारीक नळी खालपर्यंत सोडतात, तिच्यावर दाब मोजणारे ठिपके असतात, आणि तुम्हाला चमचा-चमचा पाणी दहा वेळा गिळायला सांगतात. नाकातून जाताना डोळ्यांत पाणी येतं, हे खरं. झोपेचं औषध देत नाहीत, कारण जागेपणी तुम्ही कसं गिळता तेच पाहायचं असतं.

दुसरी तपासणी बेरियमची. खडूचं पाणी प्यायल्यासारखी चव, आणि उभं करून एक, दोन, पाच मिनिटांनी एक्स-रे. किती बेरियम वरच साचून राहिलं हे त्यात उंची मोजून कळतं.

आणि तिसरं म्हणजे, नळी दिसायला चांगली असली तरी तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला हवेत. दमा, अॅलर्जी असलेल्या तरुणांमध्ये नळीच्या भिंतीत इओसिनोफिल नावाच्या पेशी साचतात आणि घास अडतो. त्याला शस्त्रक्रिया लागत नाही. गोळ्या, गिळायचं स्टेरॉइड आणि आहारातला बदल यांवर भागतं.

अकॅलेशिया म्हणजे काय?

झडपेला ‘सैल हो’ असं सांगणाऱ्या चेतापेशी मरून जातात. झडप मिटलेलीच राहते, वरची नळी पिळायचं विसरते आणि वर्षागणिक रुंद होत जाते. वर्षाला लाखामागे साधारण एकाला हा आजार नव्याने होतो. २०११ च्या जनगणनेत गोव्याची वस्ती १४.५८ लाख होती. त्या हिशेबाने आख्ख्या राज्यात वर्षाला पंधराएक. गावातल्या डॉक्टरला वर्षानुवर्षं असा एकही रुग्ण भेटत नसेल, तेव्हा त्याच्या लक्षात आलं नाही म्हणून रागवू नका.

पेडण्याकडच्या एक काकी होत्या. दर दोन घासांनी पेलाभर पाणी, मग पाटावरून उठून उभं राहायचं, दोन्ही हात वर करायचे, छाती ताणायची, आणि खाली काहीतरी ‘सुटलं’ की पुन्हा बसायचं. नातवंडं हसायची. त्या लग्नाकार्याला जायच्या, पण पंगतीला बसायच्या नाहीत. रात्री उशीवर टॉवेल घालायच्या. सकाळी टॉवेलवर पांढरा फेस आणि त्यात आदल्या रात्रीच्या भाताची शितं, न मोडलेली. मी विचारलं, उलटीला आंबट वास येतो का? त्या म्हणाल्या, नाही, जेवल्यासारखाच येतो. जठरात पोचलेलं अन्न आंबट होऊन परत येतं. हे पोचलंच नव्हतं. बेरियमच्या फिल्मवर रुंद नळी खाली एकदम निमुळती होऊन पक्ष्याच्या चोचीसारखी संपलेली होती. त्यांना सहा वर्षं पित्ताच्या गोळ्या चालू होत्या.

मग फुगा, पोएम की ऑपरेशन?

मेलेल्या चेतापेशी परत आणणारं औषध नाही. जे काही करायचं ते झडप सैल करण्यासाठी. १६७४ मध्ये इंग्लंडच्या थॉमस विलिस यांनी व्हेलच्या हाडाच्या टोकाला स्पंज बांधून एका रुग्णाची झडप उघडली, आणि तो माणूस तेच हत्यार वापरून पुढे कितीतरी वर्षं जेवला. आजचे उपचार त्याच कामाचे, फक्त नीट.

फुगा: दुर्बिणीबरोबर ३० मिलिमीटरचा, गरज पडली तर पुढच्या वेळी ३५ आणि ४० मिलिमीटरचा फुगा झडपेत फुगवतात. पोटावर कापाकापी नाही. पण शंभरातल्या दोन ते चार जणांना नळी फाटू शकते, आणि काही वर्षांनी पुन्हा फुगवावं लागतं.

हेलर: जर्मन शल्यविशारद अर्न्स्ट हेलर यांनी १९१३ मध्ये झडपेवरचा स्नायू बाहेरून उभा चिरला; आतलं अस्तर तसंच ठेवलं. आता हेच पोटावर चार-पाच छोट्या भोकांतून करतात, आणि झडप सैल झाल्यावर आम्ल वर येऊ नये म्हणून जठराचा वरचा भाग पुढून अर्धा गुंडाळतात.

पोएम: तोच स्नायू दुर्बिणीने आतून कापायचा. जपानचे डॉक्टर हारुहिरो इनोउए यांनी २००८ मध्ये माणसावर पहिल्यांदा केलं.

बोटॉक्सचं इंजेक्शन सहा महिने ते वर्षभर टिकतं. भूल सोसवणार नाही अशा अगदी थकलेल्या माणसासाठी ठीक. तरुणाला देऊ नये असं माझं मत आहे, कारण नंतर आतले थर चिकटलेले सापडतात आणि पुढचं काम अवघड होतं.

२०१९ मध्ये पोएम आणि हेलर समोरासमोर ठेवून युरोपात अभ्यास झाला. दोन वर्षांनी ८३ टक्के आणि ८१.७ टक्के लोक बरे होते, म्हणजे बरोबरीत. पण आम्लाने नळी सोलवटलेली सापडली ती पोएमनंतर ४४ टक्के जणांत आणि हेलरनंतर २९ टक्क्यांत. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात पोएम फुग्यापेक्षा बरंच पुढे होतं, ९२ विरुद्ध ५४ टक्के.

पोएम नवं म्हणून भारी आणि हेलर जुनं म्हणून मागासलेलं, हे माझ्या गळी उतरत नाही. मॅनोमेट्रीत अकॅलेशियाचे तीन प्रकार दिसतात. तिसऱ्या प्रकारात नळीच्या स्नायूंनाही वरपर्यंत पेटके येतात, तिथे लांबवर स्नायू कापायला लागतो आणि ते पोएममध्ये सोपं. सोबत मोठा हायटस हर्निया असेल, म्हणजे जठराचा भाग पडद्यातून छातीत सरकलेला असेल, तर हेलर बरं. दोन्ही कामं एकाच वेळी होतात. दुसरा प्रकार कशालाही दाद देतो. ‘आमच्याकडे हेच करतात’ एवढंच कारण कुणी दिलं, तर मॅनोमेट्रीचा रिपोर्ट दाखवून ‘माझा प्रकार कुठला’ एवढं विचारा.

पोएममध्ये आत नेमकं काय करतात?

पूर्ण भूल देतात. दुर्बिणीच्या टोकाला पारदर्शक टोपी. नळीच्या मध्यावर अस्तराखाली निळं पाणी सोडतात, तिथे फोड आल्यासारखा फुगवटा येतो. त्याला दोन सेंटिमीटरची चीर देऊन दुर्बीण अस्तर आणि स्नायू यांच्यामधल्या फटीत शिरते. खाली बोगदा खणत जायचं. निळसर, कोळिष्टकासारखे धागे विजेच्या टोकाने सोडवायचे, मध्ये रक्तवाहिनी आली की ती आधी बंद करायची. जठरात दोन-तीन सेंटिमीटर शिरल्यावर बोगदा संपतो. मग परत फिरून गोल स्नायूचे पांढरट पट्टे एकेक करून कापायचे. मिटलेली झडप डोळ्यांसमोर सैल होते, तो क्षण कितीही वेळा पाहिला तरी कंटाळा येत नाही. शेवटी वरची चीर छोट्या चिमट्यांनी शिवतात. ते चिमटे काही दिवसांनी आपोआप पडून शौचावाटे जातात.

दुसऱ्या दिवशी मानेवर बोट दाबलं तर भाजलेल्या पापडासारखं कुरकुरतं. घाबरू नका, ती आत सोडलेली कार्बन डायऑक्साइड आहे, जिरून जाते. ताप, वाढती छातीदुखी किंवा दम मात्र लगेच सांगा.

नंतर नुस्तं (मासे) कधी खायला मिळेल?

हा प्रश्न ऑपरेशनच्या आधीच विचारला जातो. एक-दोन दिवस फक्त पातळ, मग गाळलेली पेज, पुढचे दोन आठवडे मऊ: गुरगुट्या भात, शिजवून कुस्करलेलं. तिसऱ्या आठवड्यात इसवणाची (सुरमईची) काटा काढलेली फोड चालेल. कर्ली आणि पेडवे हे काटेरी मासे सध्या विसरा. पाव सर्वांत शेवटी, आणि तोही हुमणात (माशाच्या आमटीत) बुडवून.

झडप मोकळी झाली तरी नळीचं पिळणं बहुधा परत येत नाही. घास वजनाने उतरतो, म्हणून जेवताना पाणी आयुष्यभर जवळ ठेवायचं, जेवून तीन तास आडवं व्हायचं नाही, पलंगाची डोक्याकडची बाजू विटा घालून वर करायची. पोएमनंतर आम्लाची गोळी बऱ्याच जणांना लागते. ती न्याहारीच्या अर्धा तास आधी घ्या, नंतर घेतली तर नीट लागू पडत नाही. त्रास परत आला तर परत दुर्बीण. या आजारात पुढे कॅन्सरचा धोकाही थोडा वाढतो.

नुसत्या अॅसिडिटीसाठी ऑपरेशन करावं का?

बहुतेकांनी नाही. रात्री साडेदहाला जेवून अकराला झोपणाऱ्याने, पोटाचा घेर वाढलेल्याने, रोज फेणी घेणाऱ्याने आधी ते बदलावं. गोळीने बरं वाटतं पण जन्मभर घ्यायची नाही, किंवा गोळी घेऊनही आंबट पाणी तोंडात येतं, किंवा हायटस हर्निया मोठा आहे, अशांसाठी शस्त्रक्रिया आहे. जठराचा वरचा भाग नळीभोवती गुंडाळायचा, ही रुडॉल्फ निसेन यांची १९५६ सालची पद्धत. पूर्ण गुंडाळलं तर काहींना ढेकर येत नाही, पोट फुगतं. म्हणून पुष्कळ जण आता मागून पाऊण गुंडाळतात. त्याआधी चोवीस तासांची आम्ल मोजणी आणि मॅनोमेट्री हवीच. अकॅलेशियाला अॅसिडिटी समजून झडप आणखी घट्ट केली, तर माणूस पाण्यालाही महाग होतो.

माशाचा काटा अडकला. भाताचा गोळा गिळू का?

नको. केळं नको, पावाचा सुका गोळा नको, बोट घालून उलटी नको. बहुतेक काटे टॉन्सिलमध्ये किंवा जिभेच्या मुळाशी रुतलेले असतात. कान-नाक-घशाचा डॉक्टर उजेड टाकून चिमट्याने काढतो, पाच मिनिटांचं काम. भाताचा गोळा गिळून तोच काटा खाली ढकलला तर तो अन्ननलिकेत आडवा बसतो. आणि नळीला खेटूनच महाधमनी जाते, शरीराची सर्वांत मोठी रक्तवाहिनी. पुष्कळ काटे साध्या एक्स-रेत दिसत नाहीत, म्हणून एक्स-रे चांगला आला तरी टोचणं चालू असेल तर सीटी स्कॅन करतात. अन्ननलिकेतली टोकदार वस्तू त्याच दिवशी, काही तासांत काढायची असते. कधीकधी काटा निघून गेलेला असतो आणि ओरखडा दोन दिवस टोचत राहतो. पण ते ठरवणं आमच्यावर सोडा.

म्हाताऱ्यांनी कवळी नीट बसते का पाहावं. टाळू झाकलेला असला की काटा जाणवत नाही.

मुलाने बटण-बॅटरी गिळली तर?

घड्याळ सोडा, गाडी काढा. खेळण्यातल्या, रिमोटमधल्या चपट्या बॅटऱ्या नळीत अडकल्या तर दोन तासांत भिंत जाळायला लागतात. वीज संपलेली असली तरीही. एक वर्षावरच्या मुलाला वाटेत दर दहा मिनिटांनी दोन चमचे मध देतात, त्याने जळणं थोडं मंदावतं; त्याहून लहान बाळाला मध नाही. आणि मध शोधत बसून वेळ घालवू नका. १०८ ला फोन करा. नाण्याला इतकी घाई नसते, पण एक्स-रे लगेच काढा, कारण नाणं म्हणून आलेली वस्तू बॅटरी निघते. बॅटरीच्या कडेला एक्स-रेत दुहेरी रेघ दिसते.

संडास साफ करायचं अॅसिड पोटात गेलं. दूध पाजलं तर?

दूध नाही, लिंबू नाही, सोडा नाही, आणि उलटी तर मुळीच नाही. जाळत गेलेलं परत जाळत येईल. तोंड धुवा, बाटली सोबत घ्या, निघा. पहिल्या एक-दोन दिवसांत दुर्बिणीने जखम किती खोल ते बघतात.

खरी अडचण तीन आठवड्यांनी सुरू होते. जखम भरते, वण आकसतो, नळी आवळते. मग दर दोन-तीन आठवड्यांनी रुंद करत जायचं: तारेवरून निमुळत्या नळ्या, एका बैठकीत थोडंच, किंवा फुगा. महिनोन्‌महिने चालतं. लोक चौथ्या-पाचव्या वेळेला कंटाळून यायचे थांबतात आणि सहा महिन्यांनी पाणीही न जाणाऱ्या अवस्थेत येतात, तेव्हा आधीचं सगळं वाया जातं. नाहीच उघडली तर मोठ्या आतड्याचा तुकडा वर नेऊन नवी नळी करावी लागते. ते फार मोठं ऑपरेशन आहे. फिनेलच्या किंवा पाण्याच्या जुन्या बाटलीत अॅसिड ओतून ठेवू नका, एवढं कराच.

रक्त कमी असल्याने घास अडतो?

हो, अडू शकतो. वर्षानुवर्षं लोह कमी असलेल्या बायकांमध्ये नळीच्या अगदी वरच्या भागात पातळ पडदा तयार होतो. जीभ गुळगुळीत, ओठांचे कोपरे फाटलेले, नखं चमच्यासारखी. पडदा दुर्बीण पुढे सरकवतानाच फाटतो, कधी फुगा लागतो, आणि लोहाच्या गोळ्या सुरू करायच्या. घरात सगळ्यांत शेवटी जेवणारीला हे होतं, ही गोष्ट रिपोर्टात लिहिता येत नाही.

गोळी घेतल्यावर छातीत टोचायला लागलं.

पावसाळ्यात हे खूप. लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या तापाच्या) शंकेने डॉक्सीसायक्लिन हे प्रतिजैविक लिहून दिलेलं असतं, माणूस घोटभर पाण्याने घेतो आणि लगेच आडवा होतो. कॅप्सूल नळीला चिकटून तिथेच विरघळते, भाजल्यासारखा व्रण पडतो. बसून, पेलाभर पाण्याने, झोपण्याच्या अर्धा तास आधी. लोहाच्या गोळीचंही तेच. हाडांसाठी आठवड्यातून एकदा घ्यायची गोळी मात्र झोपताना नको; सकाळी उपाशीपोटी पेलाभर पाण्याने घ्या आणि नंतर अर्धा तास आडवं होऊ नका.

कॅन्सर निघाला तर सगळं संपलं का?

किती लवकर निघाला त्यावर आहे. अस्तरापुरताच असेल तर दुर्बिणीनेच तेवढा थर सोलून काढता येतो. पण आपल्याकडे तसा क्वचितच हाती लागतो, कारण घास अडायला लागेपर्यंत नळीचा बराच घेर आवळलेला असतो. पसरलेला नसेल तर बहुधा आधी केमोथेरपी, पुष्कळदा सोबत किरणोपचार, मग काही आठवड्यांनी ऑपरेशन: अन्ननलिका काढून जठराचीच नळी करून छातीत किंवा मानेत जोडायची. हे काम जिथे वर्षभरात बरंच होतं तिथेच करून घ्या, मग ते बांबोळीचं सरकारी गोवा वैद्यकीय महाविद्यालय (गोमेकॉ) असो की मुंबईचं टाटा कॅन्सर रुग्णालय. शेजारच्याने काय सुचवलं यावर ठरवू नका. तंबाखू आणि दारू ऑपरेशनआधीच थांबवा. फुप्फुसं साथ देत नसतील तर आम्हाला हात लावता येत नाही.

पसरलेला असेल तर जाळीची नळी, म्हणजे स्टेंट, बसवतात. आजार जात नाही, पण पेज, मऊ भात खाता येतो. ‘आता काय उपयोग’ असं घरचे म्हणतात, तेव्हा मी त्यांना दिवसभर स्वतःची थुंकी न गिळता राहून बघायला सांगतो.

पक्षाघातानंतर बाबांना नाकातून नळी आहे. किती दिवस?

पहिले काही आठवडे नाकाची नळी आणि गिळण्याचे व्यायाम. बऱ्याच जणांचं गिळणं सुधारतं. तीन-चार आठवड्यांनंतरही जमत नसेल तर पोटावर पेग, म्हणजे थेट जठरात जाणारी नळी, बसवतात, दुर्बिणीच्या मदतीने, छोट्या भोकातून. ‘पोटाला नळी लावली म्हणजे माणूस गेला’ असं समजू नका. गिळणं आलं की ती काढता येते.

खर्च कसा भागवायचा?

गोव्यात पाच वर्षं राहणाऱ्यांसाठी २०१६ पासून दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजना आहे. तीन जणांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख, चार किंवा जास्त असतील तर चार लाखांपर्यंत. ठरवून करायच्या कामाला आधी मंजुरी लागते, म्हणून कार्डाची मुदत दाखल होण्याच्या दिवशी नव्हे, आजच बघा. बांबोळीच्या गोमेकॉत गोमंतकीयांना उपचार मोफत. राज्याबाहेरच्यांना २०१८ पासून शुल्क आहे. खासगीत जात असाल तर पोएमचे चिमटे, चाकू, भूल यांचा खर्च पॅकेजमध्ये धरला आहे का, हे कागदावर घ्या.

पहिल्यांदा येताना काय आणू?

जुन्या दुर्बिणीचे फोटो, नुसता रिपोर्ट नको. बेरियमची फिल्म असेल तर तीच. मोबाइलवर काढलेल्या फोटोत चोच दिसत नाही. चालू गोळ्यांची पाकिटं, नावं पाठ करून येऊ नका. जेवताना शेजारी बसणारं माणूस सोबत आणा, कारण तुम्ही घासागणिक किती पाणी पिता ते तुम्हाला माहीत नसतं, त्याला माहीत असतं. आणि जे अडतं ते डब्यात घालून आणा. अर्धा उंडा पुरे. माझ्यासमोर बसून एक घास खा. फक्त दुर्बिणीच्या दिवशी नव्हे.